पॅसेंजरने सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचंय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपूरहून पॅसेंजरने एका दिवसात जाऊन येण्याचा बेत सकाळी सहसा फसत नाही. तो फसतो संध्याकाळी. जाण्याची गाडी लोक चारदा तपासतात, गजर लावतात, अर्धा तास आधी फलाटावर उभे राहतात. परतीचं विचारलं तर उत्तर येतं, "सातच्या आसपास एक असते म्हणे." या 'म्हणे'वर भरवसा ठेवून रामटेकला किंवा तुमसरला जाऊ नका.

आधी परतीची गाडी ठरवा, मग जाण्याची. आणि परतीसाठी दिवसातली शेवटची पॅसेंजर धरू नका, तिच्या आधीची धरा. शेवटची राखीव ठेवा. जिथे दिवसात परतीची एकच सोयीची गाडी आहे, तिथे घरून निघतानाच एसटीची वेळ विचारून ठेवा. असा बेत केला की गावात हातात तासभर कमी उरतो, हे खरं. तेवढं सोसा.

परतीची गाडी 'वेळेवर' दाखवते, त्यावर जाऊ नका

ही चूक शहाणेसुरते लोकही करतात. रामटेकचा फाटा कन्हानला मुख्य मार्गापासून फुटतो आणि रामटेकलाच संपतो. पुढे रूळ नाहीत. म्हणजे इतवारीहून जी गाडी रामटेकला येते, बहुतेक वेळा तोच रेक, म्हणजे तेच जोडलेले डबे, वेगळा नंबर लावून परत निघतो. तुम्ही गडमंदिराच्या पायऱ्यांवर बसून परतीचा नंबर ॲपमध्ये टाकता, ॲप 'वेळेवर' दाखवतं, कारण ती गाडी अजून सुटलेलीच नसते. उशीर व्हायला ती आधी निघायला तर हवी! तपासायची ती इतवारीहून तुमच्याकडे येणारी गाडी. ती कामठीलाच पाऊण तास लेट असेल तर तुमची परतीचीही तेवढीच लेट समजा आणि निवांत खाली उतरा. ती इतवारीहून निघालीच नसेल तर सरळ रामटेकचा एसटी स्टँड गाठा.

फक्त फिरायला म्हणून छिंदवाड्याच्या गाडीत बसणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. सौंसरच्या पुढचा घाट बघण्यासारखा आहे, पण लांबच्या टोकाहून त्याच गाडीने परत फिरायचं असेल तर जातानाचा उशीर येतानाही तुमच्यासोबत येतो.

स्टेशन कोणतं, गाव कोणतं

नागपुरात स्टेशनं तीन धरा: नागपूर जंक्शन, इतवारी, अजनी. रामटेक आणि छिंदवाड्याच्या पॅसेंजर इतवारीच्या. त्या मुख्य स्टेशनवरून मिळतील असं समजून तिकडे गेलात तर सकाळीच ऑटोवाल्याच्या पाया पडायची वेळ येते. ॲपमध्ये इतवारी आता 'नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी' नावाने येतं, शोधताना गोंधळू नका. अजनीला मेट्रोने जायचं तर काँग्रेसनगरला उतरा. नाव सारखं म्हणून अजनी चौकात उतरलात तर पायपीट आहे. तसंही मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, पहाटेच्या गाडीला तिचा उपयोग नाही.

खरा घोळ वर्ध्याला होतो. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मुंबईकडच्या गाड्या दोन्हींवरून जातात, पण नागपूर ते चंद्रपूर-बल्लारशा मार्गावरच्या गाड्या सेवाग्रामवरून वळतात, वर्धा स्टेशनला शिवतही नाहीत. आश्रम बघून झाल्यावर कुणी शहरात काम काढतो, मग वर्धा स्टेशनवर येऊन बल्लारशाकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत बसतो. ती तोवर सेवाग्रामहून निघून बुटीबोरीकडे लागलेली असते. परतीच्या गाडीचं नाव नव्हे, ती थांबणाऱ्या स्टेशनचं नाव लिहून ठेवा.

भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे आणि भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटर. तुमसर रोडचंही तसंच, ते देव्हाडीला. दोन्हीकडे शेअर ऑटो मिळतात, पण ते भरल्याशिवाय हलत नाहीत. माझं मत विचाराल तर, काम भंडारा शहरात असेल तर सरळ एसटीने जा. वरठीच्या बाजूला काम असेल तरच पॅसेंजर परवडते.

सकाळीच दोन्ही तिकिटं काढू नका

१९९ किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. यातलं जे नंतर असेल ते धरतात. नागपूरहून वर्धा, काटोल, गोंदिया, आमला, अमरावती सगळं या अंतरात बसतं. सकाळी घरीच बसून संध्याकाळचं तिकीट मोबाइलवर काढून ठेवणाऱ्याला टीसीने धरलं तर तो विनातिकीटच ठरतो, आणि दंड भाड्याशिवाय किमान २५० रुपये. परतीचं तिकीट परततानाच काढा.

ते काढताना गाडीचा प्रकार बघा. 'ऑर्डिनरी'चं तिकीट पॅसेंजर आणि मेमूलाच (विजेवर चालणारी जवळपासची लोकल) चालतं. किमान भाडं तिथे १० रुपये आणि एक्स्प्रेसला ३०. कोविडनंतर बरीच वर्षं पॅसेंजरलाही ३० द्यावे लागत होते, फेब्रुवारी २०२४ पासून पुन्हा १० झाले. संध्याकाळी मेमू लेट आहे म्हणून ऑर्डिनरीच्या तिकिटावर मागून आलेल्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढायचं नाही. भंडारा रोडवरून दुपारनंतर नागपूरकडे येणारी विदर्भ एक्स्प्रेस तर सुपरफास्ट आहे, तिचं तिकीट आणखी वेगळं. नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर सुपरफास्ट समजा. म्हणून आधी कोणती गाडी धरायची ते ठरवा, तिकीट मग.

मोबाइलचं पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर निघत नाही. बाहेरच काढा किंवा स्टेशनवर लावलेला क्यूआर स्कॅन करा. टीसीला स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवावं लागतं. तेव्हा संध्याकाळपर्यंत बॅटरी वाचवा. छोट्या हॉल्टवर नेटवर्कचा भरवसा नसतो आणि खिडकी एकच, म्हणून दहा-वीसच्या सुट्या नोटा जवळ असू द्या.

जुनं वेळापत्रक

नेटवर अजून नागभीडच्या नॅरोगेजच्या वेळा सापडतात. ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. पॅसेंजरचे नंबरही मधल्या काळात बदलले: कोविडनंतर सगळे शून्याने सुरू होणारे, मग १ जानेवारी २०२५ च्या वेळापत्रकापासून बऱ्याच गाड्यांना नेहमीचे नंबर परत मिळाले. ५ ने सुरू होणारी पॅसेंजर, ६ ने मेमू, ७ ने डेमू (डिझेलवरची). शून्याने सुरू होणारा नंबर दिसला तर ती स्पेशल आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत आहे ते बघा.

गाडी रोज धावते का, हेही बघा. शिवाय नागपूरभोवती तिसऱ्या-चौथ्या लाइनची कामं चालू आहेत. ब्लॉक घेतला, म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवली, की कात्री आधी मेमू-पॅसेंजरला लागते. आदल्या रात्री एनटीईएसवर (गाड्यांची स्थिती सांगणारी रेल्वेची साइट) रद्द गाड्यांची यादी बघा किंवा १३९ ला फोन लावा. त्याहून पक्की माहिती रोज अप-डाउन करणाऱ्यांकडे मिळते. सकाळी डब्यात पेपर वाचत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, "काका, संध्याकाळची कशी राहते?" "टाइमवर राहते बाप्पा, फक्त शनिवारी नको धरू," असं एक वाक्य कुठल्याच ॲपमध्ये सापडणार नाही.

नागपूरला पोहोचल्यानंतरचं काही ठरवू नका

मेल, एक्स्प्रेस, कोळशाची मालगाडी, सगळ्यांना आधी रस्ता देऊन पॅसेंजर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनवर, उभी राहते. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात वेळ मुद्दाम सैल ठेवलेला असतो, त्यामुळे बुटीबोरीला वीस मिनिटं लेट असलेली गाडी कधीकधी नागपूरला जवळपास वेळेवर लागते. कधी उलट, आउटरलाच (स्टेशनबाहेरच्या सिग्नलला) अर्धा तास जातो. रात्री नागपूरहून पुढची आरक्षित गाडी असेल तर मध्ये दोन तास तरी ठेवा. धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोडकडे राहणाऱ्यांनी वर्ध्याकडून येताना अजनीलाच उतरावं, गाडी तिथे थांबत असेल तर.

पाणी घरून न्या. पॅसेंजरमध्ये पँट्री नसते आणि मेमूच्या प्रत्येक डब्यात शौचालय असेलच असं नाही.

एवढं करूनही गाडी चुकलीच, तर तिकिटाच्या पैशांमागे धावू नका. अनारक्षित तिकीट रद्द करताना माणशी ३० रुपये कापतात, म्हणजे वीस रुपयांच्या तिकिटाचे परत काहीच मिळत नाहीत, आणि मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट तर रद्दच होत नाही. गाडी रेल्वेनेच रद्द केली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा खिडकीवर पूर्ण पैसे मागा. नाहीतर खिडकीपुढे वाद घालण्यात जी पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात नागपूरची एसटी निघून जाते.