फाउंडेशनचा पैसा: माणसासाठी वेगळा, उद्योगासाठी वेगळा

सामाजिक क्षेत्रात नव्याने येणारे कार्यकर्ते मला हमखास एक प्रश्न विचारतात, तो म्हणजे फाउंडेशनकडून निधी कसा मिळवावा. त्यावर माझा उलट प्रश्न असतो: कोणता निधी? कारण एकाच फाउंडेशनच्या एकाच कार्यालयातून निघणारा पैसा किमान दोन प्रकारचा असतो. एक पैसा गावपातळीवर नेतृत्व करू पाहणाऱ्या माणसावर लावलेला असतो आणि दुसरा त्या माणसाने किंवा त्याच्या गटाने उभ्या केलेल्या उद्योगावर. दोन्हींची कागदपत्रे वेगळी असतात, मुलाखतीतले प्रश्न वेगळे असतात आणि अपयशाची व्याख्याही वेगळी असते. आधी मराठवाड्यात फेलोशिपवर काम करताना आणि पुढे पुण्यातील एका फाउंडेशनमध्ये प्रस्ताव वाचण्याच्या नोकरीत मी जे नाकारलेले अर्ज पाहिले, त्यांतील बरेचसे कामात कमी नव्हते. पहिल्या प्रकारच्या पैशासाठी दुसऱ्या प्रकारचा अर्ज, किंवा याच्या उलट, एवढेच त्यांचे दुखणे होते.

माणसावर पैसा लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मी ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात शिकले, ती संस्थाच मुळात १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे प्रशिक्षण देण्यासाठी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून सुरू झाली, आणि तो ट्रस्ट त्या वेळी जेमतेम चार वर्षांचा होता. पुढे बिल ड्रेटन यांच्या ‘अशोका’ या संस्थेने फेलोशिपची सुरुवात भारतातूनच केली. मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा या तिच्या पहिल्या फेलो. फेलोला साधारण तीन वर्षे निर्वाहवेतन द्यायचे, म्हणजे तो पोटापाण्याची चिंता बाजूला ठेवून पूर्णवेळ आपल्या कल्पनेवर काम करू शकेल, हे अशोकाचे सूत्र. इथे प्रकल्पाचा खर्च दिला जात नाही, माणसाचा वेळ विकत घेऊन त्यालाच परत दिला जातो. महाराष्ट्रात तळागाळातील नेतृत्वासाठी याच विचाराने चाललेले काम म्हणजे ‘कोरो’चे. १९८९ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत साक्षरतेपासून सुरू झालेल्या या संस्थेने २००८ पासून नेतृत्वविकासाचा कार्यक्रम चालवला आहे, आणि त्यातील फेलो बहुतेक दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतील आणि स्त्रिया असतात. सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना विनाशुल्क मुतारी मिळावी म्हणून मुंबईत चाललेली ‘राइट टू पी’ ही मोहीम याच परिवारातील.

फेलोशिपची निवड कशी होते, याविषयी नवख्यांच्या मनात फार गैरसमज असतात. इंग्रजी चांगले हवे, सादरीकरण हवे, आकडे हवेत, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात निवड समितीला तीन गोष्टी शोधायच्या असतात. हा माणूस या प्रश्नात कसा शिरला, त्याच्या गावातले किंवा वस्तीतले लोक त्याचे ऐकतात का, आणि पैसा नसतानाही तो हे काम करतच होता का. तिसरा प्रश्न कुणी थेट विचारत नाही. तो फिरवून येतो. ‘मागच्या पावसाळ्यात काय केले?’ असे विचारले जाते, आणि उत्तरात रेशनकार्डाचे अर्ज, तहसील कार्यालयातील हेलपाटे, ग्रामसभेत अडवलेला एखादा ठराव अशा गोष्टी सहज आल्या, तर समितीचे समाधान होते. ‘मी महिलांचे सक्षमीकरण केले’ या वाक्याने कुणाचेही समाधान होत नाही. शिफारसपत्रांबाबतही हेच सांगेन. आमदारांच्या लेटरहेडवरील पत्रापेक्षा अंगणवाडी सेविकेने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिलेले, एखाद्या प्रसंगाचा उल्लेख असलेले साधे पत्र जास्त वाचले जाते.

या पैशाचा हिशेबही हलका असतो. निर्वाहवेतन, प्रवास, प्रशिक्षणाची निवासी शिबिरे आणि थोडासा उपक्रमखर्च एवढीच अंदाजपत्रकातील सदरे असतात. फाउंडेशनला फेलोकडून मासिक टिपण हवे असते आणि त्यात फसलेल्या प्रयत्नांचे वर्णन असले तरी चालते, किंबहुना ते असावे अशीच अपेक्षा असते. हे कळायला वेळ लागतो, कारण शासकीय योजनांचे अहवाल लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या हातून ‘उद्दिष्ट शंभर टक्के साध्य’ हे आपोआप उमटते.

उद्योगाच्या पैशाकडे आले की सूर बदलतो. लातूर जिल्ह्यातील एका महिला बचत गटाच्या डाळमिलसाठी आमच्याकडे प्रस्ताव आला होता. तो शहरातल्या कुणीतरी लिहून दिलेला होता हे पहिल्या पानावरच कळत होते. सक्षमीकरण, परिवर्तन, शाश्वतता हे सगळे शब्द जागच्या जागी होते आणि डाळीचा भाव कुठेच नव्हता. क्षेत्रभेटीला गेल्यावर गटाच्या सचिव असलेल्या मावशींना मी विचारले, ‘मिल परवडते का?’ त्यांनी कपाटातून वही काढली. ‘ताई, शंभर किलो तुरीची बहात्तर किलो डाळ निघाली तर आमचं भागतं. सत्तरच्या खाली आली की वीजबिल अंगावर येतं.’ मग त्यांनी वहीचे शेवटचे पान उघडले. तिथे चुनीची विक्री वेगळी लिहिलेली होती. डाळ भरडताना निघणारी चुनी जनावरांसाठी गावातच विकली जात होती आणि मिलवर काम करणाऱ्या दोघींची मजुरी त्यातून निघत होती. प्रस्तावात चुनीचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी परत येऊन टिपणात ती वही जशीच्या तशी उतरवली, आणि मागणी मंजूर होण्यात प्रस्तावाच्या वीस पानांपेक्षा त्या एका पानाचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

म्हणून सामाजिक उद्योगासाठी अर्ज करणाऱ्यांनी एका नगाचा हिशेब आधी मांडावा. एक किलो, एक साडी, एक रुग्ण, एक विद्यार्थी, जे काही तुमचे एकक असेल त्यावर येणारा खर्च, मिळणारे उत्पन्न आणि दोहोंतील तूट किंवा शिल्लक. तूट असली म्हणून अर्ज नाकारला जात नाही. ती तूट का आहे, किती वर्षे राहील आणि कोण भरून काढेल हे सांगता आले पाहिजे. सामाजिक उद्योगांत पैसा गुंतवणाऱ्या अक्युमेनसारख्या संस्था ज्याला धीराचे भांडवल म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की परतावा उशिरा आला तरी चालेल. हिशेब उशिरा आला तरी चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

आता कायद्याचा भाग. तो कंटाळवाणा आहे, पण अनेक चांगले उद्योग इथेच अडकतात. सार्वजनिक धर्मादाय ट्रस्टला आपला पैसा कुठे गुंतवता येतो याची यादी आयकर कायद्याने बांधून दिलेली आहे, आणि तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर त्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे ‘फाउंडेशन आमच्यात गुंतवणूक करेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असेच असते. ते अनुदान देऊ शकते, आणि अलीकडे काही ठिकाणी परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले अनुदानही दिसते, ज्यात आलेले पैसे पुढच्या गटाला फिरवले जातात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीला, म्हणजे सीएसआरला, तर अधिक कडक नियम आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी निकष पूर्ण झाला, तर कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते; परंतु ती रक्कम नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीमार्फत राबवता येत नाही. राबवणारी संस्था कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी अशीच असावी लागते, तिच्याकडे आयकराची धर्मादाय नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारे ८०जी प्रमाणपत्र असावे लागते, आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांना या नियमाची झळ विशेष लागते, कारण मालक गरीब शेतकरी असले तरी कायद्याच्या लेखी ती कंपनीच असते.

याच्या उलट बाजूने ट्रस्टने स्वतःच विक्री सुरू केली तर दुसरी अडचण उभी राहते. ज्या संस्थेचा उद्देश सर्वसाधारण लोकोपयोगी काम या सदरात मोडतो, तिचे व्यापारी स्वरूपाचे उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेले की त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत या सदरांना हा नियम लागू नाही, मात्र आपले काम नेमके कोणत्या सदरात बसते हे संस्थेच्या घटनेतील उद्देशांवरून ठरते. घटना लिहितानाच चार्टर्ड अकाउंटंटला समोर बसवावे.

यावर आपल्याकडे रुळलेला उपाय म्हणजे व्यवसायाची आणि अनुदानाची अशी दोन घरे वेगळी ठेवणे, आणि त्याचे माहितीतले उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे. चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातील स्त्रियांनी सहकारी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या स्त्रियांनी अक्षरे गिरवली, अधिकाऱ्यांसमोर जाऊन व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी दर्शवली, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँक सभासदांच्या भागभांडवलावर आणि ठेवींवर चालते. प्रशिक्षण, उद्योजिकांची शाळा, सामुदायिक रेडिओ ही कामे माणदेशी फाउंडेशन अनुदानातून करते. नवख्यांनी या उदाहरणातली कालक्रमाची बाब लक्षात घ्यावी: नेतृत्व आधी तयार झाले, रचना नंतर उभी राहिली. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी बऱ्याच जणांची कंपनी नोंदवून झालेली असते आणि गावात बैठक अजून झालेली नसते.

निधी कधी मागावा, यालाही एक गणित आहे. सीएसआरचे वर्ष मार्चअखेर संपते आणि चालू प्रकल्पाबाहेरची अखर्चित रक्कम कंपनीला केंद्राच्या ठरावीक निधीत भरावी लागते, त्यामुळे जानेवारीनंतर काही कंपन्यांचे फोन अचानक सुरू होतात आणि आठ दिवसांत प्रस्ताव मागितला जातो. असा पैसा यंत्रसामग्रीसाठी घ्यावा, माणसांच्या पगारासाठी घेऊ नये, कारण एप्रिलनंतर तो पुन्हा येईल याचा भरवसा नसतो. कायम निधीच्या व्याजावर चालणाऱ्या जुन्या ट्रस्टची चाल याहून संथ असते. त्यांच्याकडे निर्णयाला सहा-आठ महिने लागतात, पण एकदा नाते जुळले की ते तीन-चार वर्षे टिकते. परदेशी निधीचा विचार नवख्या संस्थेने सुरुवातीला करूच नये, असे मी स्पष्टपणे सांगते. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे, त्यामुळे मोठ्या संस्थेच्या सावलीत राहून छोटा वाटा मिळवण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे. सोशल स्टॉक एक्स्चेंजची, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात काढलेल्या विभागाची चर्चा हल्ली बरीच ऐकू येते. डिसेंबर २०२३ मध्ये बंगळूरच्या उन्नती फाउंडेशनने तिथे निधीची पहिली उभारणी केली. तिथे देणगीदाराला मुद्दलही परत मिळत नाही आणि व्याजही मिळत नाही, फक्त कामाचा अहवाल मिळतो. परंतु वर्षाला किमान ५० लाखांचा खर्च असलेल्या संस्थांसाठीच ती वाट आहे.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अर्ज कुठे अडतात, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील बदल अर्जावर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलले की तसा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. अनेक ग्रामीण संस्थांच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातील नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच असतात, आणि फाउंडेशनच्या छाननीत विश्वस्तांची यादी, बँकेतील सहीचे अधिकार आणि परिशिष्ट एक यांचा मेळ बसत नाही. हे काम निधी मंजूर झाल्यावर सुरू केले तर पहिला हप्ता महिनोन्‌महिने लांबतो.

पैसा हप्त्यांनी येतो. करारावर सही करण्यापूर्वी दोन कलमे आवर्जून वाचावीत. एक, अंदाजपत्रकातील एका सदरातून दुसऱ्या सदरात किती टक्के रक्कम परवानगीशिवाय वळवता येते. ही मर्यादा सहसा १० टक्क्यांच्या आसपास असते आणि ती नसेल तर मागून घ्यावी. दुसरे, शेवटचा हप्ता कशावर अवलंबून आहे. अनेक करारांत तो लेखापरीक्षित विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मिळाल्यानंतरच सोडला जातो, म्हणजे ती रक्कम संस्थेने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायची असते. बचत गट किंवा छोटी संस्था असेल तर तेवढी उसनवारी कोण करणार, याचा ठराव कार्यकारिणीच्या बैठकीत करार होण्याआधीच लिहून ठेवावा, आणि शक्य असेल तर फाउंडेशनच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलून शेवटचा हप्ता लहान आणि पहिला मोठा करून घ्यावा. अशी विनंती केल्याने कुणाचा अर्ज मागे पडल्याचे मी पाहिलेले नाही.