छळ सोसून आलेल्या निर्वासितांना मानसिक आधार देताना या चुका टाळा

ज्या माणसाला एका खोलीत बंद करून अनोळखी अधिकाऱ्यांनी तासन्‌तास प्रश्न विचारले, त्याच माणसाला आपण पुन्हा एका खोलीत बसवतो. दार लावतो, समोर कागद-पेन घेऊन बसतो आणि प्रश्न विचारायला लागतो. हेतू अगदी उलट असतो, पण ते त्याच्या शरीराला पटायला वेळ लागतो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

हे सगळं मुख्यतः तिबेटी निर्वासितांना समोर ठेवून लिहिलं आहे. १९५९ पासून ते भारतात येत आहेत, आणि त्यांच्यात तुरुंगात मारहाण, विजेचे झटके, टांगून ठेवणं असा छळ सोसून आलेले भिक्खू, भिक्खुणी आणि साधी माणसं आहेत. त्यांच्यासाठी बरंचसं काम धरमशालेत होतं, पण हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथली बरीचशी पिढी इथेच जन्मलेली असली, तरी नागपूर-गोंदियाच्या एखाद्या ओपीडीत असा रुग्ण समोर येऊ शकतो.

पहिल्याच भेटीत ‘काय झालं ते सगळं सांगा’ म्हणणं

‘बोलून टाकलं की मन हलकं होतं’ हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की डॉक्टरही त्यावर विसंबतात. घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीचा फायदा होत नाही, हे संशोधनातून दिसलं आहे आणि आज ती पद्धत वापरू नका असंच सांगितलं जातं. छळाच्या बाबतीत तर ‘बोल’ हा शब्द मारणाऱ्याच्या तोंडचा आहे.

पाल्देन ग्यात्सो या भिक्खूंनी ३३ वर्षं चिनी तुरुंगात आणि श्रमछावण्यांत काढली. १९९२ मध्ये ते निसटले, येताना छळाची साधनं सोबत घेऊन आले आणि १९९५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे बोलले. २०१८ मध्ये धरमशालेत त्यांचं निधन झालं. अशी साक्ष देणाऱ्यांबद्दल मनापासून आदर वाटतो, पण प्रत्येकाकडून तीच अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

आधी झोप, जेवण, राहण्याची जागा, घरून काही खबर आली का, एवढंच विचारा. कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही हे तो ठरवू शकतो, असं स्पष्ट सांगा. आणि एकदा त्याने खरोखर ‘नको’ म्हटलं की थांबा. त्या ‘नको’ला मान मिळाला, हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

याच्या उलट चूकही होते, आणि ती सभ्यपणाच्या आडून येते: वर्षानुवर्षं कोणी विषयच काढत नाही. आपल्यालाच ऐकवत नाही म्हणून आपण गप्प बसतो. आठवणी क्रमाने लावण्याच्या पद्धती आहेत. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केलेल्या अशा एका पद्धतीत जमिनीवर दोरी अंथरतात. चांगल्या प्रसंगांसाठी फुलं आणि वाईट प्रसंगांसाठी दगड ठेवत माणूस जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य सांगतो. छळ त्या आयुष्याचा एक भाग असतो, सगळं आयुष्य नव्हे. निर्वासितांबरोबर तिचा चांगला उपयोग झालेला आहे. मात्र त्यासाठी प्रशिक्षण हवं, आणि रुग्णाची संमती तर हवीच.

खोलीकडे आणि यंत्रांकडे दुर्लक्ष

त्याला दाराकडे पाठ करून बसवू नका. कुठे बसायचं ते त्याला निवडू द्या, दार आतून उघडतं हे दाखवा. व्हरांड्यात दोन तास ताटकळत ठेवू नका. बोलावणं येण्याची वाट पाहत बसणं त्याने तुरुंगात पुष्कळ केलंय. ईसीजीच्या तारा छातीला लावण्याआधी त्या काय करतात, त्यातून झटका बसत नाही, हे समजावून सांगा. विजेच्या दांडक्याचा मार खाल्लेल्या माणसाला त्या तारा काय वाटत असतील याचा विचार करा. दातांच्या खुर्चीचंही तेच.

दुभाषा म्हणून घरचं कोणीतरी

वसाहतीतली शाळकरी मुलगी मराठी-हिंदी छान बोलते, म्हणून तिला आजोबांशेजारी बसवलं जातं. असं कधीही करू नका. आजोबा तिच्यासमोर बोलणार नाहीत, आणि बोलले तर ते ओझं ती आयुष्यभर वाहील.

तिबेटी भाषेचा दुभाषा मिळाला म्हणजेही काम संपत नाही. तिबेटमधल्या ल्हासा, खाम आणि आम्दो या भागांतल्या बोलींत इतका फरक आहे की आम्दोच्या माणसाला ल्हासाची बोली नीट कळेलच असं नाही. शिवाय लहान समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. इथलं बोलणं तिकडे पोचलं तर मागे राहिलेल्या आई-भावाला त्रास होईल ही भीती काल्पनिक नसते. म्हणून ‘हा दुभाषा चालेल का?’ हे दुभाषा खोलीत नसताना विचारा. भिक्खुणीसाठी शक्यतो बाईच दुभाषा हवी.

शरीराचं दुखणं ‘मनाचं’ म्हणून सोडून देणं

ही चूक सर्वांत जास्त घातक, आणि मानसोपचाराच्या उत्साहात हमखास होणारी. तळपायांवर मार खाल्लेल्या माणसाला वर्षांनंतरही चालताना दुखतं. हात मागे बांधून टांगलेल्याचे खांद्याचे मज्जातंतू दुखावलेले असू शकतात. विसराळूपणा आणि चिडचिड हा डोक्याला झालेल्या इजेचा परिणामही असू शकतो. आधी नीट तपासा, फिजिओथेरपी सुरू करा. पाय कमी दुखायला लागले की झोप सुधारते, आणि झोप सुधारली की माणूस बोलायला लागतो.

तिबेटी निर्वासितांच्या बाबतीत क्षयरोगाकडे खास लक्ष हवं, कारण त्यांच्यात त्याचं प्रमाण बरंच जास्त आहे आणि औषधांना न जुमानणारा क्षयही आढळतो. रात्री घामाने भिजून उठणं हे दुःस्वप्नामुळे असेल तसं क्षयामुळेही असेल. त्यातच अशा क्षयावर दिलं जाणारं सायक्लोसेरिन हे औषध स्वतःच नैराश्य आणि भ्रम निर्माण करू शकतं. नवं मानसिक लक्षण दिसलं की क्षयाच्या गोळ्या कधी सुरू झाल्या ते आधी पाहा, आणि त्या परस्पर बंद न करता क्षयाच्या डॉक्टरांशी बोला.

झोपेच्या गोळ्या मात्र सढळ हाताने देऊ नका. त्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो.

‘भिक्खू आहात, ध्यान करा’

सल्ला आदराने दिलेला असतो, पण तो उलटू शकतो. बोस्टनमध्ये उपचार घेणाऱ्या, आघात सोसलेल्या तिबेटी भिक्खूंवर २००९ मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. ध्यानाला बसलं की त्यांना जुन्या घटना पुन्हा घडत असल्यासारख्या दिसायच्या. ते स्वतः याला ‘सोक-लुंग’ म्हणत. तिबेटी वैद्यकात शरीरातला ‘प्राण’ नावाचा वात बिघडल्याचा हा विकार मानला जातो: छातीत धडधड, अस्वस्थता, झोप उडणं. वाताची कल्पना आपल्याला नवी नाही, तेव्हा हे समजून घेणं जड जाऊ नये. ‘तुम्हाला पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) आहे’ म्हणून वाद घालण्यापेक्षा त्यांच्या शब्दांत विचारा आणि ते तिबेटी वैद्याकडे जात असतील तर जाऊ द्या. फक्त तिथली औषधं कोणती, ते माहीत करून घ्या. डोळे मिटून बसण्याऐवजी चालणं, प्रदक्षिणा घालणं चालेल का, तेही विचारा.

श्रद्धेबाबत आणखी एक गफलत होते. दलाई लामा एका वृद्ध भिक्खूची गोष्ट अनेकदा सांगतात. दीर्घ तुरुंगवास भोगून आलेला तो भिक्खू म्हणाला, आपल्यावर काही वेळा मोठं संकट आलं होतं: चिन्यांविषयीची करुणा गमावण्याचं. हे ऐकून ‘राग दाबलाय’ असा शिक्का मारू नका. आणि एखादा तरुण रागाने धुमसत असेल तर ‘तुम्ही बौद्ध ना?’ असंही म्हणू नका.

प्रश्नावल्या भरून घेतानाही हे लक्षात असू द्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या तिबेटी निर्वासितांपैकी अनेकांनी धर्मचिन्हांचा विध्वंस पाहणं हा सर्वांत भयंकर अनुभव म्हणून सांगितला. शरीराच्या छळापुरतीच यादी वाचलीत तर हे कानावर येणारच नाही. त्याआधी, १९९८ मध्ये, छळ झालेल्या ३५ तिबेटींची तुलना छळ न झालेल्या ३५ निर्वासितांशी केली गेली. पहिल्या गटात चिंतेची लक्षणं जास्त होती, पण राजकीय निष्ठा, मनाची आधीपासूनची तयारी आणि इथे मिळालेली माणसं यांनी त्यांना तगवल्याचंही दिसलं. म्हणून वसाहतीतला सण, प्रार्थना, जुन्या कैद्यांची संघटना यांपासून रुग्णाला तोडू नका.

उपचार आणि पुरावा यांची गल्लत

छळाच्या खुणांची वैद्यकीय नोंद कशी करावी यासाठी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ आहे; १९९९ चा, २०२२ मध्ये सुधारलेला. त्या नोंदीसाठी तारखा आणि तपशील लागतात. उपचारात तपशील विस्कळीत असले तरी चालतं. दोन्ही कामं शक्यतो वेगवेगळ्या लोकांनी करावीत. तारखा जुळल्या नाहीत म्हणजे माणूस खोटं बोलतोय असं समजू नका. भीतीत साठलेली आठवण सलग नसते.

मध्येच अडलं तर

बोलता बोलता नजर स्थिर झाली, उत्तर येईना: हात लावू नका. नाव घेऊन हाक मारा, आज कोणता वार, आपण कुठल्या गावात आहोत ते शांतपणे सांगा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खिडकी उघडा. त्या दिवशी विषय तिथेच सोडा.

यायचा बंद झाला: ‘सहकार्य करत नाही’ असं फाइलवर लिहू नका. गाडीभाडं, शेतीची किंवा स्वेटरविक्रीची कामं, दुभाष्याबद्दलचा अविश्वास, यांपैकी काय आडवं आलं ते विचारा.

बरा चाललेला माणूस अचानक ढासळला: कॅलेंडर पाहा. १० मार्च, चिनी सत्तेविरुद्ध ल्हासात झालेल्या उठावाचा दिवस, जवळ आलाय का? तिबेटमधून आत्मदहनाची बातमी आली आहे का? मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. येत असतील तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. १४४१६ ही टेली-मानसची हेल्पलाइन सरकारी आणि मोफत आहे.

नोंदणी प्रमाणपत्राच्या, म्हणजे ‘आरसी’च्या, नूतनीकरणाची तारीखही तपासा. भारताने १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे इथलं राहणं या कागदावर टिकून असतं आणि त्यासाठी गणवेशातल्या माणसांसमोर उभं राहावं लागू शकतं. अशा आठवड्यात गोळी वाढवण्याआधी त्याच्या ओळखीचं कोणीतरी त्याच्यासोबत कार्यालयात जाईल, एवढी सोय करा.