हॉर्सटेल ओळखताना या चुका टाळा

हिमालयात ट्रेकला गेलेली मुलं नदीकाठच्या वाळूतल्या हिरव्या काड्यांचा फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘सर, हे हॉर्सटेलच ना?’ हॉर्सटेल म्हणजे इक्विसेटम, फूल न येणारी, बीजाणूंनी वाढणारी वनस्पती. फोटो बहुतेक वेळा लांबून काढलेला, अख्ख्या झुबक्याचा असतो. त्यावरून काहीच सांगता येत नाही. मला एक सांधा जवळून दिसायला हवा.

सगळ्यात जास्त फसवते ती ओढून बघण्याची खूण. काडी ओढली, सांध्यात पटकन सुटली की इक्विसेटम, असं पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची ‘सुई’ ओढून बघा, तीही तशीच सुटते आणि तिच्याही सांध्यावर बारीक दातांचं कडं असतं. सुरूचं शास्त्रीय नावच मुळी कॅज्युरिना इक्विसेटिफोलिया, म्हणजे इक्विसेटमसारख्या पानांचा! म्हणून सुई कशावर उगवलीय ते बघा. सुरूच्या सुया लाकडी फांदीवर येतात. हॉर्सटेलला लाकूड कुठेच नसतं. हिरवं खोड थेट जमिनीतून वर येतं, त्यावर उभे कंगोरे असतात आणि सिलिकामुळे बोटाला ते खरखरीत लागतं.

झुपकेदार जातींमधल्या हिरव्या काड्यांना पानं समजू नका, त्या फांद्या आहेत. पानं म्हणजे सांध्याला बिलगलेलं, वर दाते असलेलं म्यान.

वसंतात उगवणारी फिकट तपकिरी काडी अनेकांना अळंबी वाटते. ती हॉर्सटेलच्या इक्विसेटम आर्वेन्स या जातीचीच असते. बीजाणू उधळून ती वाळते आणि मग त्याच भूमिगत खोडातून हिरव्या काड्या येतात. तिच्या टोकावरचा शंकू कोरड्या काचपट्टीवर झटका आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत हळूच फुंकर घाला. श्वासातल्या ओलाव्याने प्रत्येक बीजाणूचे चार पट्टे गुंडाळले जातात, आणि ओल उडाली की पुन्हा ताणून उघडतात. हे एकदा पाहिलेला माणूस इक्विसेटम विसरत नाही.

फूल दिसलं, तर मात्र ते हॉर्सटेल नाहीच.

शेवटची चूक अंगाशी येणारी आहे. युरोपात आर्वेन्सचा काढा पितात, पण तिथेच दलदलीत वाढणारी पलुस्ट्रे ही विषारी जात तिच्यासारखीच दिसते. फांदीचं पहिलं कांडं खोडावरच्या म्यानापेक्षा लांब असेल तर आर्वेन्स, आखूड असेल तर पलुस्ट्रे. भिंगाखाली हे नीट दिसेपर्यंत काडी तोंडात घालू नका.