अमेरिकेत ट्रक चालवताय? ईएलडीसोबत दिवस कसा काढायचा ते नीट समजून घ्या

अमेरिकेत ट्रकिंगमध्ये नवीन येणारी आपली मुलं लायसन्सच्या टेस्टला जेवढी घाबरत नाहीत तेवढी ईएलडीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइसला, घाबरतात. इंजिनला जोडलेलं एक मशीन असतं, ते तुमचे गाडी चालवायचे तास आपोआप लिहितं, एवढंच ते आहे. १८ डिसेंबर २०१७ पासून ते सक्तीचं झालं, सूट फार थोड्यांना आहे, म्हणजे २००० च्या आधीच्या मॉडेलचं इंजिन असेल किंवा रोज जवळच्या जवळच गाडी चालवून ठिकाणावर परत येत असाल तर. लांब पल्ल्याच्या गाडीवर जाणार असाल तर ते असणारच.

ट्रक स्टॉपवर जुन्या ड्रायव्हर लोकांना विचारलंत तर बरेच जण चिडून बोलतील, पण त्यांचं नीट ऐका. विश्रांती नको असं कुणी म्हणत नाही. राग आहे तो १४ तासांच्या घड्याळावर. सकाळी कामाला हात लावला की ते सुरू होतं, त्या १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते आणि मग सलग १० तास सुट्टी, हे तास कागदी लॉगच्या, म्हणजे हातानं तासांची नोंद लिहायच्या काळातही होतेच, पण तेव्हा डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागी, गेलेला वेळ पेनानं मागंपुढं करून लोक भरून काढायचे, आता ते जमत नाही. आणि पगार बहुतेक ठिकाणी मैलावर, म्हणजे शिपरनं (माल पाठवणाऱ्यानं) चार तास बसवून ठेवलं की पैसे पण गेले आणि तास पण गेले. मग उरलेल्या वेळेत पोचायचं म्हणून लोक ॲक्सिलरेटर दाबतात. सक्तीनंतर तासांचं उल्लंघन कमी झालं पण स्पीडिंग वाढलं, छोट्या कंपन्यांत जास्त, असं तिथल्या संशोधकांनाही आकडेवारीत दिसलं. दुसरी बाजू पण आहे, डिस्पॅचर (कंपनीत बसून ड्रायव्हरांना कामं देणारा) "अजून शंभर मैल मार" म्हणाला की स्क्रीन दाखवून नाही म्हणता येतं, आणि हे बोलणारे ड्रायव्हर पण खूप भेटतील. मला दोन्ही पटतं, म्हणूनच हे मशीन नीट शिकून घ्या असं सांगतोय.

सकाळी आधी लॉगिन करा, मग गाडी हलवा. लॉगिन न करता गाडी हलली तर ते ड्रायव्हिंग बेवारस म्हणून साठतं आणि पुढच्या लॉगिनला ते तुमचं आहे का विचारतं, तुमचं नसेल तर बिलकुल घेऊ नका. वेग ताशी ५ मैलांपर्यंत गेला की मशीन स्वतःच ड्रायव्हिंग लावतं. थांबल्यावर ५ मिनिटांनी अजून ड्रायव्हिंगच आहे का विचारतं, तुम्ही मिनिटभरात उत्तर दिलं नाही की ऑन ड्युटी (कामावर, पण गाडी चालवत नाही) करून टाकतं, म्हणून जेवायला उतरताना ऑफ ड्युटी दाबायची सवय हाताला लागली पाहिजे. यार्डात ट्रेलर इकडून तिकडं करताना मशीनमध्ये यार्ड मूव्ह हा पर्याय लावा, नाहीतर ते पण ११ तासांतून जातं. एकूण ८ तास चालवून झाले की पुढं चालवायच्या आधी ३० मिनिटं थांबावंच लागतं, २०२० पासून त्या वेळात डिझेल भरलं तरी चालतं, फक्त गाडी चालवायची नाही.

आता डॉकचं, इथं जरा डोकं लावा. समजा ६ वाजता सुरू केलं, अर्धा तास प्री-ट्रिप (निघायच्या आधीची गाडीची तपासणी), दीड तास ड्रायव्हिंग आणि ८ ला शिपरकडं पोचलात, त्यांनी दुपारी १ पर्यंत ठेवलं. काही न करता ऑन ड्युटी राहिलात तर रात्री ८ ला घड्याळ संपणार, म्हणजे साडेनऊ तासांचं ड्रायव्हिंग शिल्लक असून हातात फक्त ७ तास. पण ते ५ तास तुम्ही खरंच मागं बंकवर झोपला असाल, माल भरायचं काम तुमच्यावर नसेल, तर मशीनमध्ये स्लीपर बर्थ (केबिनमागच्या बंकवर विश्रांती) लावा. रात्री अजून किमान ७ तास स्लीपरमध्ये काढले की ही दोन तुकड्यांची विश्रांती धरली जाते आणि मधला ५ तासांचा वेळ १४ मधून वगळला जातो, म्हणजे घड्याळ रात्री १ पर्यंत चालतं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं सांगत कुणी नाही. मधे ते ३० मिनिटं थांबून रात्री ११ पर्यंत साडेनऊ तास चालवून ७ तास झोपून सकाळी ६ ला उठलात तर नवीन ११ तास मिळत नाहीत, हिशोब आदल्या दुपारी १ पासून धरतात, म्हणजे हातात फक्त दीड तास. त्यापेक्षा अजून ३ तास पडून रहा, सलग १० पूर्ण करा, सगळं नव्यानं सुरू होतं आणि झोप पण होते.

आठवड्याचा हिशोब वेगळा, बऱ्याच कंपन्यांत ८ दिवसांत कामाचे ७० तास भरले की गाडी चालवायची नाही, सलग ३४ तास सुट्टी घेतली की तो शून्यावर येतो.

पार्किंग आधी ठरवा. संध्याकाळ झाली की ट्रक स्टॉप भरतात आणि घड्याळात वीस मिनिटं उरलेली असताना जागा शोधणं फार वाईट. २००९ मध्ये साऊथ कॅरोलिनात एका ड्रायव्हरचा बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबला असताना खून झाला, त्याच्या नावानं जेसन्स लॉ आला, सुरक्षित पार्किंगसाठी. तो आणि ईएलडीची सक्ती दोन्ही २०१२ च्या एकाच कायद्यातले. मशीन गाडीगाडीत आलं, पार्किंगची बोंब मात्र अजून तशीच, ड्रायव्हर लोक चिडतात ते उगाच नाही. रिसीव्हरनं (माल घेणाऱ्यानं) तास संपल्यावर आवाराबाहेर काढलं तर मशीनमध्ये पर्सनल कन्व्हेयन्स (खासगी कामासाठी गाडी चालवणं) लावून जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाता येतं, माल भरलेला असला तरी. पण माल पुढं सरकवायला तो वापरायचा नाही, आणि का लावला ते नोटमध्ये लिहा. अचानक बर्फ किंवा अपघातानं रस्ता अडला तर २ तास जास्त मिळतात, फक्त निघताना ते माहीत असता कामा नये.

केबिनमध्ये मशीनचं मॅन्युअल, डेटा कसा पाठवायचा आणि बिघाड झाला तर काय करायचं याची माहितीपत्रकं आणि निदान ८ दिवस पुरतील एवढे कोरे कागदी लॉग ठेवा. मशीन बिघडलं तर २४ तासांत कंपनीला लेखी कळवा, आजचा आणि मागच्या ७ दिवसांचा लॉग मिळत नसेल तर कागदावर काढा, कंपनीला दुरुस्तीला ८ दिवस असतात. इन्स्पेक्शनला ऑफिसर कोड देतो, तो टाकून फाईल पाठवायची, हे घरी दोनदा करून बघा म्हणजे रस्त्यात हात थरथरत नाहीत. कॅनडात जाणार असाल तर सीमेच्या आधी मशीनमधला रूल सेट (कोणत्या देशाचे नियम ते) बदला, तिकडं ड्रायव्हिंग १३ तास आहे आणि मशीन त्यांच्या मंजूर यादीतलंच लागतं.

शेवटी सही. दिवसाचा लॉग तुम्ही सही करून खरा आहे म्हणता. ऑफिसमधून कुणी बदल सुचवला तर तो तुम्ही मान्य केल्याशिवाय लागत नाही, आणि आपोआप नोंदलेलं ड्रायव्हिंग तर कमी करताच येत नाही. खोटा बदल असेल तर रिजेक्ट दाबा, स्क्रीनचा फोटो आणि मेसेज जपून ठेवा. मशीनमधले तास बघून दमलेल्या ड्रायव्हरला "तुझे दोन तास आहेत की अजून" म्हणून नियम मोडून पिटाळणं याला तिथं छळ म्हणतात, याच मुद्द्यावर ड्रायव्हरांच्या संघटनेनं २०११ मध्ये अशा मशीनचा आधीचा नियम कोर्टात रद्द करून घेतला होता. तक्रार ९० दिवसांच्या आत फेडरल मोटर कॅरियर खात्याकडं लेखी करायची, त्यात तारीख, वेळ, काय सांगितलं गेलं आणि कोणता नियम मोडायला लागला हे सगळं लिहायचं.