डागी कोणता ते एकदाच सांगा: सी++मध्ये प्रेडिकेट उलटं कसं करायचं

देवगडला आमच्या खळ्यात एप्रिलभर आंब्याची निवड चालते. नव्या गड्याच्या हातात बाबा एक फळ देतात आणि डागी म्हणजे कसा ते दाखवतात. बस, तेवढंच. बिनडागी कसा ओळखायचा याचा वेगळा धडा कोणी देत नाही. मी मात्र याच बागेच्या हिशोबासाठी सी++ या भाषेत प्रोग्रॅम लिहिला तेव्हा दोन फंक्शनं केली, ‘डागी_आहे’ आणि ‘बिनडागी_आहे’. पुढच्या हंगामात डागाची मर्यादा ५ मिलिमीटरवरून ३ वर आणली, ती फक्त पहिल्या फंक्शनात. मग ४ मिलिमीटर डागाची फळं दोन्ही याद्यांत आली आणि दोन्ही याद्यांची बेरीज तोडलेल्या आंब्यांपेक्षा जास्त भरली. बाबा खूश, मी मात्र नाही.

तर पहिली पायरी हीच: हो किंवा नाही असं उत्तर देणारं फंक्शन, म्हणजे प्रेडिकेट, एकदाच लिहायचं. नावात नकार ठेवायचा नाही. ‘डागी_नाही’ असं नाव ठेवलंत तर पुढे त्याचंही उलटं लागेल आणि वाचणाऱ्याचं डोकं गरगरेल.

दुसरी पायरी, उलटं हवं असेल तिथेच त्यावर नकाराचं वेष्टण चढवायचं. हे वेष्टण म्हणजे अडॅप्टर: आत तुमचं फंक्शन ठेवतं, आलेली माहिती त्याला जशीच्या तशी देतं आणि उत्तर उलटवून परत करतं. सी++१७पासून, म्हणजे भाषेच्या २०१७च्या आवृत्तीपासून, त्यासाठी ‘फंक्शनल’ हेडरमध्ये नॉट_एफएन आहे. उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहायचं तर:

कॉपी_इफ(आंबे.बिगिन(), आंबे.एंड(), बॅक_इन्सर्टर(पेटी), नॉट_एफएन(डागी_आहे));

म्हणजे डागी नसलेली फळं पेटीत. साधं फंक्शन, लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन), स्वतःचा फंक्टर (फंक्शनसारखा वापरता येणारा ऑब्जेक्ट), आंब्याच्या क्लासमधलं मेंबर फंक्शन, यातलं काहीही आत चालतं. आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेली माहिती, एक की दोन, याचीही फिकीर नाही.

हे सुख जुन्या लोकांना नव्हतं. सी++९८मध्ये एका आर्ग्युमेंटसाठी नॉट१ आणि दोनसाठी नॉट२ होतं, आणि दोघांचे नखरे भारी. नॉट१ला द्यायच्या फंक्टरने आपलं आर्ग्युमेंट कोणत्या टाइपचं आहे हे ‘आर्ग्युमेंट_टाइप’ या नावाने जाहीर करायला हवं. त्यासाठी त्याला युनरी_फंक्शन या क्लासपासून वारसा द्यायचा. साधं फंक्शन असेल तर आधी पीटीआर_फन मध्ये गुंडाळायचं, मग नॉट१ मध्ये. गंमत म्हणजे तेव्हा कॉपी_इफ नव्हतंच. म्हणून हवी ती फळं उचलायला रिमूव्ह_कॉपी_इफ आणि नॉट१ अशी जोडी लावावी लागे, म्हणजे ‘जी डागी नाहीत ती वगळून बाकीची घे’, आणि हाती काय आलं? डागी. सी++११मध्ये लॅम्डा आले. त्यांच्याकडे आर्ग्युमेंट_टाइप नसतो, त्यामुळे नॉट१ त्यांच्यापुढे हात टेकतं.

तिसरी पायरी बरेच जण विसरतात: नकार खरंच लागतोय का ते बघा. पेटीत एकही डागी नाही ना, एवढंच विचारायचं असेल तर नन_ऑफ आहे. पहिला बिनडागी शोधायचा तर फाइंड_इफ_नॉट. दोन्ही सी++११पासून मिळतात. आणि डागी एका यादीत, बाकीचे दुसऱ्या यादीत असं हवं असेल तर पार्टिशन_कॉपी एकाच फेरीत दोन्ही याद्या भरतं. खळ्यातही आम्ही ढीग दोनदा निवडत नाही.

आता खड्डे. सगळ्यात खोल खड्डा सॉर्टमध्ये आहे. समजा ‘हलका(अ, ब)’ हे फंक्शन अ चं वजन ब पेक्षा कमी असेल तर हो म्हणतं. जड आंबे आधी हवेत म्हणून कोणी सॉर्टला नॉट_एफएन(हलका) देतं. वरवर बरोबर वाटतं. पण ‘कमी’ चं उलटं ‘जास्त’ नाही, ‘जास्त किंवा सारखं’ आहे. २५० ग्रॅमचे दोन आंबे आले की दोघंही म्हणणार, मी आधी. सॉर्टला असा तुलनाकार चालत नाही. कधी निमूट काम होतं, कधी तो यादीच्या हद्दीबाहेर जाऊन प्रोग्रॅम कोसळतो. छोट्या यादीवर तपासलंत तर कळणारही नाही. इथे नकार नको, अ आणि ब ची जागा बदला.

दुसरा खड्डा वजनकाट्याचा. काट्याने आकडा दिला नाही आणि वजनाच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी खूण, पडलं, तर ‘२०० ग्रॅमपेक्षा कमी का?’ याचं उत्तर नाही येतं. ते उलटवलं की हो. म्हणजे वजनच नसलेला आंबा मोठ्या फळांच्या पेटीत! असा आकडा आधीच गाळा.

तिसरा बारका: नॉट_एफएन फंक्टरची स्वतःची प्रत ठेवतं. आत डागी मोजणारा काउंटर असेल तर मूळ काउंटर शून्यावरच राहील. मूळच वापरायचा तर रेफ मध्ये, म्हणजे प्रत न करता मुळाकडे बोट दाखवणाऱ्या वेष्टणात, गुंडाळून द्या.

जुना कोड हाताळत असाल तर युनरी_फंक्शन आणि पीटीआर_फन सी++१७ने काढून टाकले, नॉट१ आणि नॉट२ तिथे ‘वापरू नका’ म्हणून जाहीर केले आणि सी++२०ने त्यांनाही काढलं. म्हणून क्रम असा ठेवा: कंपायलर सी++१७वर आणा, नॉट१ आणि नॉट२च्या जागी नॉट_एफएन घाला, आतलं पीटीआर_फन सोलून फेका, मग फंक्टरांचा युनरी_फंक्शनकडून आलेला वारसा पुसा. तिथे काही ठिकाणी एकाच नावाची दोन ओव्हरलोड फंक्शनं निघतील आणि नेमकं कोणतं घ्यायचं हे कंपायलरला ठरवता येणार नाही. तिथे छोटा लॅम्डा लिहून मोकळे व्हा.