इस्त्रीला चिकटलेला कॅनव्हासचा डिंक

कॉलरला फ्युजिंगचा कॅनव्हास (कॉलर कडक करणारं, एका बाजूला डिंक असलेलं आणि इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं कापड) लावताना तो उलटा ठेवला गेला, की डिंकाची बाजू थेट इस्त्रीला चिकटते. मग पुढच्याच पांढऱ्या ब्लाउजपीसवर तपकिरी डाग! अशा वेळी सुरी किंवा तारेची घासणी अजिबात घेऊ नका. तळावर चरे पडले की इस्त्री कायमची अडखळते. वाफ बंद करून इस्त्री गरम करा आणि जुन्या सुती पंचावर दाबून फिरवा. डिंक मऊ होऊन कापडाला लागतो. उरलेल्यासाठी प्लग काढा, तळ पूर्ण गार होऊ द्या, खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट बोटाने चोळा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. पेस्ट वाफेच्या भोकांत जाऊ देऊ नका. गेलीच तर कानकोरणीच्या ओल्या कापसाने काढा.

भोकांतून पांढरे कण पडत असतील तर तो पाण्यातला क्षार. बोअरचं पाणी इस्त्रीच्या टाकीत भरणं सोडा, आरओचं चालतं. व्हिनेगर ओतण्याआधी माहितीपत्रक वाचा, बऱ्याच कंपन्या त्याला मनाई करतात. सेल्फ-क्लीनचं बटण असेल तर इस्त्री तापवून, बेसिनवर आडवी धरून तेच वापरा.

रेशमावर पाण्याचे थेंब पडतात ते बहुतेक वेळा इस्त्री पुरेशी तापलेली नसताना वाफ सोडल्यामुळे. आधी चिंधीवर वाफ सोडून बघा. काम झालं की टाकी रिकामी करून इस्त्री उभी ठेवा. आणि कॅनव्हासवर नेहमी एक सुती रुमाल टाकूनच दाबा. मी तर तो इस्त्रीच्या वायरलाच बांधून ठेवते.