कापाब्लांका बुद्धिबळ ऑनलाइन: दहा घरं रुंद पटावर पहिले डाव

नेहमीचं बुद्धिबळ येत असेल तर कापाब्लांकाचे नियम पाच मिनिटांत समजतात. तरीही नवा खेळाडू पहिले काही डाव दहा-पंधरा चालींतच घालवतो, कारण त्याचं लक्ष नेहमीच्या पटावरच्या कमकुवत एफ७वर असतं आणि इथे भगदाड पडलेलं असतं आय७ला.

आधी पट मांडून घेऊ. रुंदी दहा घरं, उंची आठ. स्तंभ ए ते जे, दोन्ही बाजूंना दहा-दहा प्यादी. पांढऱ्याची मागची रांग डावीकडून अशी: हत्ती, घोडा, आर्चबिशप, उंट, वजीर, राजा, उंट, चान्सलर, घोडा, हत्ती. म्हणजे राजा एफ१वर, वजीर ई१वर. काळ्याची रांग बरोबर समोरासमोर. नवे मोहरे दोनच. आर्चबिशप उंटासारखा तिरका चालतो आणि घोड्याची अडीच घरंही जातो. चान्सलर हत्तीसारखा सरळ चालतो आणि त्यालाही घोड्याची उडी आहे. उडी मारताना मध्ये कोण उभा आहे याची दोघांनाही पर्वा नाही. सरळ किंवा तिरकं जाताना मात्र वाट मोकळी लागते.

होजे राऊल कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेते होते. वरच्या पातळीवरचे डाव बरोबरीत सुटत राहतील आणि खेळाचा जीव जाईल, या काळजीतून त्यांनी १९२०च्या दशकात हा पट सुचवला. हे दोन मोहरे मात्र त्यांचे नव्हेत. सिसिलीच्या पिएत्रो कारेरा यांनी १६१७ मध्ये आणि इंग्लंडच्या हेन्री बर्ड यांनी १८७४ मध्ये तेच मोहरे दहा घरं रुंद पटावर मांडले होते.

कुठे खेळायचं

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरचे सगळे प्रकार आठ बाय आठच्या पटावरचे आहेत, तिथे हा शोधत बसू नका. पायचेस ही फुकट साइट यासाठी सोयीची. तिथे लिचेसच्या खात्यानेच आत जाता येतं. प्रकारांच्या यादीतून कापाब्लांका निवडा. पटाची उंची नीट बघा, कारण त्याच यादीत दहा बाय दहाचा ग्रँड बुद्धिबळही आहे आणि गडबडीत तोच उघडतो.

डाव सुरू करण्याआधी मोहऱ्यांची चित्रं बदलून बघा. बऱ्याच संचांत आर्चबिशप आणि चान्सलर दोघांच्याही चित्रात घोड्याचं तोंड असतं. लहान पडद्यावर उंटाची टोपी कुठली आणि हत्तीचा बुरुज कुठला हे घड्याळ पळत असताना कळत नाही. दोघं झटकन वेगळे ओळखू येतील असाच संच ठेवा, दिसायला कितीही ओबडधोबड असला तरी चालेल.

मोबाइलवर आणखी एक अडचण येते. सात सेंटिमीटर रुंद पडद्यावर नेहमीच्या पटाचं एक घर पावणेनऊ मिलिमीटरचं असतं, इथे ते सात मिलिमीटरचं होतं. मोहरा ओढून नेताना बोटाखाली घर झाकलं जातं आणि चाल शेजारच्या घरात पडते. आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टिचकी मारायची सवय लावा. लॅपटॉप असेल तर तोच बरा.

वेळ दहा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद ठेवा. तीन मिनिटांचे डाव सुरुवातीला नकोतच. प्रत्येक चालीला चार मोठ्या मोहऱ्यांच्या, म्हणजे दोन तुमच्या आणि दोन समोरच्याच्या, घोडाउड्या तपासाव्या लागतात, आणि ती नजर बसायला वेळ लागतो.

भिडू मिळणं ही खरी रड आहे. आव्हान टाकून ठेवलं तरी कधी कधी बराच वेळ कोणी येत नाही. तोवर संगणकाशी खालच्या पातळीवर खेळा, किंवा मित्राला दुवा पाठवून बसवा. दोघेही नवे असाल तर उत्तमच, निदान खुन्नस बरोबरीची राहते. एका बैठकीत खेळायला जमत नसेल तर चेस व्हेरिएंट पेजेस या साइटवरच्या गेम कुरियरमध्ये सवडीने एकेक चाल करत डाव खेळता येतो.

आय७चं भगदाड

सुरुवातीच्या मांडणीत प्रत्येक प्याद्याला कोणाचा ना कोणाचा आधार आहे. अपवाद एकच, आय स्तंभातलं प्यादं. पांढऱ्याचं आय२ आणि काळ्याचं आय७ या दोघांना कोणीच राखत नाही. शेजारचा हत्ती, मागचा घोडा, बाजूचा चान्सलर, एकाचाही मारा त्या घरावर नाही.

आता पांढऱ्याने पहिलीच चाल प्यादं डी४ केली असं धरा. डी२ रिकामं झालं आणि सी१वरच्या आर्चबिशपची तिरकी वाट उघडली: डी२, ई३, एफ४, जी५, एच६ आणि शेवटी आय७. काळ्याने लक्ष दिलं नाही तर दुसऱ्या चालीला आर्चबिशप आय७चं प्यादं मारतो. तिथून तिरका एच८च्या चान्सलरवर आणि जे८च्या हत्तीवर, आणि उडीने जी८च्या उंटावर, असा तिहेरी मारा होतो. त्याला परत मारणारं कोणी नाही. चान्सलर वाचवला तर हत्ती जातो.

घाईत सुचणारं उत्तर म्हणजे आय प्यादं एक घर पुढे ढकलणं. ते चुकतं. प्यादं आय६वर गेलं की आय७ रिकामं होतं, पण त्या घरावर काळ्याचा ताबा अजूनही नाहीच. आर्चबिशप तिथेच येऊन बसतो, फक्त प्यादं त्याच्या हाती लागत नाही. जी७चं प्यादं जी५वर नेऊन वाट अडवली तर तेच फुकट जातं, त्याला आधार नसतो.

सोपी बरोबर उत्तरं दोन. आय८चा घोडा एच६वर आणा, किंवा एच७चं प्यादं एच६वर. दोन्ही वेळा जी७ आणि आय७ची प्यादी एच६ राखतात, त्यामुळे आर्चबिशपने तिथे मारलं तर तो स्वतः जातो. घोड्याची चाल जास्त चांगली, कारण एच६वरून तो एफ५ आणि जी४वर नजर ठेवतो. पण पुढे तो घोडा एच६वरून हलवताना दर वेळी थांबून बघा: समोरचा आर्चबिशप अजून त्याच तिरक्या वाटेवर आहे का? पाचव्या-सहाव्या चालीला घोडा उत्साहाने एफ५वर उडतो आणि आय७ पुन्हा उघडं पडतं. हा प्रकार फार वेळा बघायला मिळतो.

कायमचा आधार द्यायचा तर चान्सलर जी६वर उडी मारून आणता येतो. तिथून घोड्याच्या चालीने तो आय७ राखतो. मात्र पांढऱ्याचा डी१चा उंट सी२वर आला आणि डी३, ई४, एफ५ मोकळी असली तर चान्सलरला पळावं लागतं, आणि तुमची एक चाल वाया जाते. त्यापेक्षा राजाच्या बाजूला कॅसलिंग करून आय८वरच्या राजाकडूनच आय७ राखणं भरवशाचं. पांढऱ्यालाही हे सगळं आय२साठी तसंच लागू आहे.

कॅसलिंग

इथे राजा दोन नाही, तीन घरं सरकतो. राजाच्या बाजूला पांढरा राजा आय१वर आणि हत्ती एच१वर येतो. वजीराच्या बाजूला राजा सी१वर आणि हत्ती डी१वर. राजाच्या बाजूला आधी तीन मोहरे हलवायला लागतात (उंट, चान्सलर, घोडा), दुसऱ्या बाजूला चार. म्हणून कॅसलिंग नेहमीपेक्षा उशिरा होतं, आणि तोवर मधली प्यादी फोडून वाटा उघडणं धोक्याचं. बाकी अटी त्याच: राजा-हत्ती आधी हललेले नकोत, आणि शह असताना किंवा शहाच्या घरातून जाता येत नाही.

आर्चबिशपला कमी लेखू नका

नवे खेळाडू हिशेब करतात की चान्सलर म्हणजे हत्ती अधिक घोडा, आर्चबिशप म्हणजे उंट अधिक घोडा, म्हणजे दुसरा बराच स्वस्त. प्रत्यक्षात फरक थोडाच आहे. मोहऱ्याभोवतीची पाच बाय पाचची चौकट घेतली तर मोकळ्या पटावर चोवीसपैकी सोळा घरांवर दोघांचाही मारा असतो. शिवाय आर्चबिशपच्या हाती एक गोष्ट आहे जी वजीरालाही जमत नाही: कोपऱ्यातल्या राजावर कोणाच्याही मदतीशिवाय मात. काळा राजा जे८वर आणि पांढरा आर्चबिशप एच६वर असा विचार करा. आय७मधून तिरका शह बसतो, आणि उडीने आय८ व जे७ दोन्ही घरं बंद होतात. आय७वर राजा आला तरी तो तिरक्या माऱ्यातच. एच६वर मारणारं काही नसेल आणि आय७वर मध्ये घालायला काही नसेल, तर डाव संपला. म्हणून कॅसलिंगनंतर राजा कोपऱ्यात सरकवू नका, आणि आय व जी स्तंभांतली प्यादी उगाच हलवू नका.

दोन हलके मोहरे (उंट किंवा घोडे) देऊन आर्चबिशप मिळत असेल तर बिनधास्त घ्या. स्वतःचा मात्र सुरुवातीलाच बाहेर काढून फिरवू नका. उंट-घोडे त्याच्या मागे लागून आपापला विकास उरकून घेतात. चान्सलरला उघडा स्तंभ मिळेपर्यंत घरी राहू द्या.

घोडे इथे थोडे मंद पडतात, कारण एका बाजूकडून दुसरीकडे जायला जास्त उड्या लागतात. उंट त्या मानाने सरस. घोडे सी३ आणि एच३वर आणा, तिथून ते ई४ आणि एफ४वर मारा करतात. पटाचा मध्य आता ई आणि एफ स्तंभांत आहे.

प्याद्याची बढती आठव्या रांगेत, आणि दोन्ही नवे मोहरेही निवडता येतात. सेटिंगमध्ये आपोआप वजीर होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. घोड्याच्या चालीने शह देणारा चान्सलर कधी कधी वजीरापेक्षा मोलाचा ठरतो.

डाव संपला की साइटवरच्या विश्लेषणात फेअरी-स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, चालवा आणि आय स्तंभाभोवतीच्या चाली तेवढ्या तपासा. इंजिन तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे जुना फोन तापतो. डाव सुरू असताना ते उघडणं म्हणजे लबाडी.

ग्रँडकडे वळाल तेव्हा

हा प्रकार ख्रिस्तियान फ्रीलिंग यांनी १९८४ मध्ये तयार केला. पट दहा बाय दहा, मोहरे तेच. पांढऱ्याची प्यादी तिसऱ्या रांगेत, हत्ती सोडून बाकीचे मोहरे दुसऱ्या रांगेत, आणि पहिल्या रांगेत कोपऱ्यांत फक्त दोन हत्ती. ते सुरुवातीपासूनच एकमेकांना राखतात, म्हणून कॅसलिंगच नाही. चुकतं ते बढतीत. आठव्या आणि नवव्या रांगेत बढती ऐच्छिक, दहाव्यात सक्तीची, आणि तीही फक्त तुमच्या आधी मारल्या गेलेल्या मोहऱ्यातच. काहीच गमावलेलं नसेल तर नवव्या रांगेतलं प्यादं पुढे जाऊ शकत नाही. पण तिथून ते शह मात्र देतं, आणि समोरचा राजा ते विसरून त्याच्या माऱ्यातल्या घरात जायला बघतो. साइट ती चाल होऊ देत नाही आणि नवखा माणूस पट बिघडला समजून टिचक्या मारत बसतो.